पिसपानीचे सत्तावीस उपयोग

आमच्या गावाबाहेरच्या कुरणात एक फूल उगवतं. पांढरं, चपटं, बशीएवढं. जवळून बघितलं की कळतं, ते एक फूल नव्हेच, शंभरेक बारीक फुलांनी मिळून उघडलेली छत्री आहे. पानं पक्ष्याच्या पिसासारखी कातरलेली, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव पिसपानी. पुस्तकात त्याला भारदस्त नाव आहे. भाचीनं ते मला तीनदा सांगितलं आणि मी तीनदा विसरलो. वास कडवट, थोडा कापराकडे जाणारा, थोडा ओल्या लाकडाकडे. एकदा हाताला लागला की दोन दिवस हलत नाही. पाहुणा म्हणून आला असता तर लोकांनी हाकलला असता.

या फुलाचे सत्तावीस उपयोग आहेत. म्हणजे वहीत तरी तेवढे आहेत. त्यातले खरे किती, यावरून गेल्या महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात एक अख्खा रविवार गेला, आणि त्या एका दिवसात मी जेवढं खरं बोललो तेवढं मागच्या ऐंशी वर्षांत मिळून बोललो नसेन.

आधी दुकानाचं सांगतो, म्हणजे वहीचं कळेल.

खाली रस्त्याला लागून आमचं औषधाचं दुकान होतं, वर माळा. माळ्यावर पातळ कापड ताणलेल्या लाकडी चौकटी एकावर एक रचलेल्या असायच्या आणि त्यांवर फुलं वाळत घातलेली. ऊन फुलांना लागू द्यायचं नाही, वारा मात्र लागला पाहिजे, म्हणून फळ्यांच्या फटी आई सारखी उघडझाक करायची. वाळलं की नाही हे ती बघायची नाही, ऐकायची. एक देठ कानाशी धरून मोडायची. कट् वाजलं तर वाळलं. नुसतं वाकलं तर सगळी चौकट पुन्हा उलटायला घ्यायची, एकेक फूल, बोटांनी. उलटणारा अर्थातच मी.

आईला गावात औषधवाली म्हणत. माझी मोठी बहीण मागच्या खोलीत शिलाई मशीनवर औषधांच्या पुरचुंड्या शिवायची. तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून मोठेसुद्धा, कारण तिच्याकडे बघून दुसरं काही म्हणायची हिंमत होत नसे. वडील मी बारा वर्षांचा असताना गेले. मला थापाड्या म्हणत. हे नाव मला कुणी लाडानं दिलेलं नव्हतं, पण मी ते लाडानं घेतलं.

थापा हे माझं दुकानातलं काम होतं, असं मी आजही म्हणतो. आईचा काढा व्हायला पाऊण तास लागायचा, कधी दीड तास. तोवर माणूस दुकानापुढच्या बाकावर बसायचा, कंटाळायचा, आणि पलीकडच्या गल्लीत जाऊन गोळी घेऊन मोकळा व्हायचा. त्याला बाकावर खिळवून ठेवायचं म्हणजे काहीतरी सांगायला हवं. मग मी सांगायचो. एका गाडीवानाच्या घोड्यानं पिसपानीचा अख्खा भारा खाल्ला आणि त्याला इतकी तरतरी आली, की तो घरी पोचला तेव्हा गाडी अजून बाजारातच होती. एका बाईनं हिचं पाणी दारात शिंपडलं, तर तिची सासू दारापर्यंत यायची आणि आपण कशाला आलो हेच विसरून परत जायची. या दुसऱ्या गोष्टीनंतर तीन बायका पाणी मागायला आल्या. आईनं त्यांना हात जोडले, आणि मला बाकासमोर उभं करून सगळ्यांदेखत सांगितलं, “हा बोलतो त्यातलं एक अक्षर घरी नेऊ नका.”

ते मला लागलं. हसण्यावारी नेलं, पण लागलं. आई कधी खोटं बोलायची नाही. तुमचं दुखणं माझ्या हातातलं नाही, हेसुद्धा ती तोंडावर सांगायची, आणि त्यामुळेच लोक तिच्याकडे यायचे. तिच्या पोटी मी कसा आलो हे गावाला कोडंच होतं.

मी वीस वर्षांचा होतो तेव्हा तिनं एक जाड वही आणली. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणाली, “पिसपानीचं मला जे येतं ते लिहून ठेव. माझ्यामागं कुणाला तरी लागेल.”

“ताई लिहील की. तिचं अक्षर बरंय.”

“ताईला वेळ नाही. तुझं काय, तू नाहीतरी बसूनच असतोस.”

ती पातेलं ढवळत सांगायची, मी लिहायचो. दिवसाला एखादाच उपाय. मध्येच ती चौकटी उलटायला माळ्यावर जायची, आणि माझ्या हातात लेखणी असायची, समोर कोरी ओळ असायची. आता कोरी ओळ बघून माझ्यासारख्याला राहवतं का? मी एक उपाय माझाही घालायचो. संध्याकाळी ती म्हणायची, “वाचून दाखव.” मी तिचे तेवढे वाचायचो आणि माझ्यांवरून अलगद उडी मारायचो. ती मान डोलवायची. “बरोबर,” म्हणायची. असं दोन महिने चाललं. तेव्हा कुठला कुणाचा हे मला तोंडपाठ होतं, म्हणून खूण करून ठेवायचं काही सुचलं नाही.

पुढे बाविसाव्या वर्षी मी बसवर कंडक्टर लागलो आणि गाव सोडलं. चाळीस जण समोर बसलेले आणि उतरायची सोय नाही, याहून चांगलं गिऱ्हाईक थापाड्याला कुठं मिळणार? सत्तावीसच्या सत्तावीस उपाय मी घाटातून वर जाताना आणि खाली येताना सांगितले. दरवेळी थोडं मीठमिरची लावून. आई गेली, दुकान बंद झालं, मी निवृत्त होऊन ताईकडे राहायला आलो. वही ताईच्या कपाटात चादरींखाली होती.

तर भाची. ताईची मुलगी. आई गेली तेव्हा चार वर्षांची होती, आता तिलाच वाचायला चष्मा लागतो. औषधी झाडांवर काम करणाऱ्या एका संस्थेत ती आहे. गावोगावच्या जुन्या माणसांच्या हातचे उपाय ते लोक गोळा करतात. एका माणसाचं एक कार्ड. त्यावर करणाऱ्याचं नाव, झाड, उपाय, कृती. पुढे त्यांची तपासणी होते आणि मग मोठं पुस्तक निघतं. त्या रविवारी ती पेन, चष्मा आणि कोरं कार्ड घेऊन आली आणि वही टेबलावर ठेवून म्हणाली, “मामा, उद्या कार्डांची पेटी बंद होणार. आजीचं कार्ड मला त्यात हवंय.”

“घाल की. सत्तावीस आहेत. दोन कार्डं लागतील.”

“तेच तर. आमच्याकडे नियम आहे. एका कार्डावर एक जरी उपाय बनवलेला निघाला, तरी अख्खं कार्ड बाद. त्या माणसाचं नावसुद्धा पुस्तकात येत नाही. वहीही कार्डासोबत जाते, म्हणजे लपवाछपवी नाही. आता सांग, यातले आजीचे कुठले आणि तुझे कुठले?”

“सगळे आईचेच.”

तिनं चष्मा लावला आणि वाचलं, “सात. टक्कल. ताजी फुलं टोपीत घालून टोपी डोक्यावर ठेवावी. तिसऱ्या दिवशी टोपीला केस येतात.”

ओट्याशी उभी असलेली ताई वळली. “त्या घड्याळजीनं आठवडाभर टोपी काढली नव्हती. जेवतानासुद्धा.”

“आठवड्यानं त्याचं डोकं किती छान वास मारत होतं, ते नाही सांगत तू,” मी म्हणालो.

“सात नंबर गेला,” भाची म्हणाली.

असे नऊ झटक्यात गेले. बंद पडलेलं घड्याळ, तोतरा पोपट, सासूचं पाणी, सावकाराला आपलं घर न सापडण्यासाठी उंबऱ्यावर ठेवायची जुडी. भाची हसून हसून बेजार झाली. मीही हसलो. मग ती उरलेल्या अठरांकडे आली, आणि माझं हसू आपोआप आत गेलं.

माझी अडचण अशी, की मी वाईट थापाड्या कधीच नव्हतो. वाईट थाप दुरून ओळखू येते. चांगली थाप खऱ्यासारखेच कपडे घालून खऱ्याच्याच रांगेत उभी राहते. “पोटात कळ आल्यास कोमट पाण्यातून चिमूटभर.” हे आईचं की माझं? “थंडीत बोटं बधिरल्यास पानांचा शेक.” हे कुणाचं? मी डोळे मिटले. आईचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. आवाज आला, स्वच्छ आला. पण जवळजवळ सगळ्यांना तोच आला. मी इतकी वर्षं इतक्या वेळा सांगितलं होतं, की माझ्या मनचे उपायसुद्धा आता आईच्याच तोंडून ऐकू येत होते. माझ्याकडे आईचं एवढंच तर उरलं होतं, आणि त्यातही मीच भेसळ करून ठेवली होती.

“सांग ना,” भाची म्हणाली.

“नाही सांगता येत.”

“एकही?”

“एकही छातीठोक नाही.”

तिनं पेनाला टोपण लावलं. “मग कार्ड कोरं ठेवावं लागेल, मामा. मी अंदाजानं भरणार नाही.”

ताईनं गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत टेबलाशी आली. ताई रागावली की आवाज चढवत नाही, उतरवते. “आईला लिहिता येत नव्हतं म्हणून तिनं तुझा हात मागितला. उभ्या जन्मात तुझ्याकडे एवढं एकच मागितलं.”

मी वही उगाच चाळत राहिलो.

ती खुर्चीवर बसली, वही स्वतःकडे ओढली आणि बोट फिरवत वाचायला लागली. मग एका ओळीवर थांबली. “तापाचा काढा खरा आहे. मला आठवतंय.”

“कशावरून?”

“कशावरून म्हणजे? आईनं काढा चढवला की तू पळून जायचास. मी मशीन सोडून तुला शोधायला जायची. एकदा तू कोळशाच्या खोलीत सापडलास.”

आणि मग मला ते आठवलं. आवाज नाही आठवला, मनगट आठवलं. फुलं पाण्यात घालून एक उकळी आणायची आणि ते पहिलं पाणी ओतून द्यायचं. पातेलं पूर्ण गार होऊ द्यायचं. मग दुसरं पाणी घालून मंद आचेवर ठेवायचं आणि लाकडी पळीनं ढवळत राहायचं, तासभर, एकाच दिशेनं, हात न बदलता. हात बदलला तर आईला पाठमोरी असूनही कळायचं. उजवं मनगट असं भरून यायचं, की नंतर शर्टाचं बटण लावता यायचं नाही. ते सगळं माझ्या उजव्या हातात साठ वर्षं नुसतं पडून होतं.

“आईच्या औषधात वैताग असायचाच,” मी म्हणालो. “बिनवैतागाचं तिनं एक तरी औषध केलंय का?”

“नाही,” ताई म्हणाली.

“आणि माझ्या थापेत मी कधी कष्ट घालीन का?”

ताईनं माझ्याकडे आपादमस्तक बघितलं. “कधीच नाही.”

भाचीनं टोपण काढलं. “म्हणजे?”

“म्हणजे तू एकेक वाच. जो ऐकून माझा हात दुखेल तो आईचा.”

मी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि ती वाचू लागली. पोटातली कळ, काही नाही. बधिरलेली बोटं, काही नाही. माझे हात टेबलावर दोन म्हाताऱ्या मांजरांसारखे पडून होते. चार-पाच उपाय असेच गेले. मग ती म्हणाली, “नाकातून रक्त,” आणि माझी कंबर धरली.

त्याला फूल लागत नाही, पान लागतं, आणि तेही जमिनीलगतचं, कोवळं. म्हणजे कुरणात ओणवं होऊन शोधायचं. दव सुकल्यावर आणि मधमाश्या यायच्या आत, एवढ्या वेळेत टोपली भरायची. आई माझ्यापुढं चालायची आणि मागं न बघता म्हणायची, “ते नको. जून आहे.” तिला कसं कळायचं कोण जाणे. तोडण्याच्या आवाजावरून कळायचं बहुतेक. तेव्हाचं कुरण मला अजून जसंच्या तसं दिसतं. पांढऱ्या बश्यांची नुसती पंगत, वाऱ्यानं सगळ्या एकदम कलायच्या. आणि आईच्या लुगड्याचा काठ वाटेतल्या दवानं ओला, तीन बोटं, रोज तितकाच. मग पानं तळहातावर चोळून त्यांची वळकटी करायची आणि नाकात बसवायची. शाळेचे गणिताचे मास्तर यासाठी यायचे. चिडले की त्यांचा घोळणा फुटायचा, आणि मुलं अशी, की ते आठवड्यातून दोनदा चिडायचे. नाकात हिरव्या वळकट्या घालून ते बाकावर आकाशाकडे बघत बसायचे आणि तशाच आवाजात मला पाढे विचारायचे.

“घे लिहून,” मी म्हणालो. भाची लिहीत होती.

पायांची सूज आली तेव्हा खांदे दुखले. नळ रस्त्याच्या टोकाला होता, आणि आईला पाणी भरपूर लागायचं. सहा बादल्या तापवायच्या, दोन ओतायच्या, पुन्हा आणायच्या. आमचा टपालवाला पाय बुडवून दुकानापुढं बसायचा, आणि टपाल खोळंबू नये म्हणून तिथूनच येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून पत्रं वाटायचा. लोकांनाही तेच बरं वाटायचं. माझं पत्र आलंय का हे विचारायला निम्मं गाव बादलीशी यायचं.

जखमेवरची भुकटी आली आणि मला चक्क शिंक आली. वाळलेलं फूल खलात कुटून पातळ कापडातून तीनदा चाळायचं. तिसऱ्या चाळणीनंतर उरतं ते इतकं हलकं, की श्वास सोडला तरी उडतं. म्हणून आई तोंडावर फडकं बांधायची, आणि मी बांधायचो नाही. मग मी शिंकायचो आणि दोन तासांची भुकटी दुकानभर व्हायची. यावरून मी मार खाल्लाय. अठरा वर्षांचा घोडा असून.

चार झाले. ताप, नाक, सूज, जखम. भाचीनं कार्डावर नीट अक्षरात उतरवले, एकेक कृती मला वाचून दाखवली, आणि मी आईसारखं “बरोबर” म्हणालो. बाकीचे एकामागून एक पडले. वहीतली कुठलीशी ओळ पडली की मला थोडं वाईट वाटायचं. तीही माझीच पोरं होती, उनाड असली म्हणून काय झालं?

“शेवटचा राहिला,” भाची म्हणाली. “तेवीस. झोप न येणाऱ्यास. वाळलेल्या फुलांची उशी. गेलेलं माणूस शेजारच्या खोलीत आहे असं वाटून झोप लागते.” ती थांबली. “किती सुंदर आहे हे. पण यात वैताग दिसत नाही. मामा?”

मी हात बघितले. गप्प होते. खरं म्हणजे हातांना विचारायची गरजच नव्हती. त्या अठरांतला हा एकच असा होता, की जो कुणाचा हे मी कधी विसरलो नव्हतो.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताई म्हणाली, “तो खरा आहे. लिही.”

“तुला काय माहीत?” मी विचारलं.

“मला काय माहीत? मीच शिवल्यात. चाळीस तरी असतील. तू बसवर गेलास त्यानंतरची गोष्ट. पाकळ्या देठापासून वेगळ्या करायच्या, कारण देठाचं एक कुसळ जरी राहिलं तरी गालाला टोचतं. आणि ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून डोळे मिटून बोटांनी शोधायचं. एका उशीला आम्हाला दोघींना तीन दिवस लागायचे. माझ्या बोटांची चाळण व्हायची.” तिनं बोटं पुढं केली, जशी काही अजून तशीच होती. “ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांनाच आई द्यायची. बाकीच्यांना नाही. पहिली शिवली ती मात्र तिनं स्वतःला ठेवली. शेवटपर्यंत त्याच उशीवर झोपायची.”

भाचीचा चेहरा उजळला. “आई, हे आधी का नाही सांगितलंस? कृती आहे, करणारी आहे, वापरणारी आहे. असा उपाय आमच्या एकाही कार्डावर नाही.” तिनं पेन टेकवलं.

“तिला हे कुणी शिकवलं म्हणाली?” मी विचारलं. माझा आवाज मला जरा लांबून आल्यासारखा वाटला.

“मी विचारलं होतं. म्हणाली, जुनं आहे. माझ्या आजीचं आहे.”

आता तुम्हाला सांगतो, ते काय होतं. टपालवाला गेला त्याच्या महिन्याभरानं त्याची बायको दुकानात आली आणि बाकावर बसली. आईनं आतून विचारलं, काय होतंय? ती म्हणाली, काही नाही. औषध मागितलं नाही, उठलीही नाही. मी घोड्याची गोष्ट सुरू केली, ती ऐकत नव्हती. पोपटाची सुरू केली, सोडून दिली. आणि मग मला कुठून सुचलं देव जाणे, मी म्हणालो, आमच्या पणजीची एक उशी होती, पिसपानीची. त्यावर डोकं टेकलं की गेलेलं माणूस स्वप्नात येत नाही, काही नाही. नुसतं शेजारच्या खोलीत असतं. काहीतरी शोधत असतं, खुडबुड करत असतं, आणि ती खुडबुड ऐकता ऐकता झोप लागते. ती बाई माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, “ते चष्मा शोधायचे.” मग उठून घरी गेली.

मी वळलो तर आई दारात, हातात पळी. तिनं सगळं ऐकलं होतं. मी मार खायच्या तयारीनं उभा राहिलो. ती पळी घेऊन तशीच आत गेली. मी समजलो, आता ही रागावण्याच्याही पलीकडे गेली. संध्याकाळी मी ती थाप वहीत लिहिली, आणि वाचून दाखवताना तिच्यावरून उडी मारली.

म्हणजे माझ्या आईनं आयुष्यात एकदाच खोटं सांगितलं, आणि ते माझी थाप झाकायला. माझ्या थापेत ज्याची उणीव होती तेवढं तिनं स्वतः घातलं. तीन दिवसांचं काम.

भाची लिहायला लागली होती. “झोप न येणाऱ्यास” एवढं झालं होतं. मी गप्प राहिलो असतो तर काय बिघडत होतं? साक्षीदार ताई, आणि तीही अशी, की जिच्या शब्दावर गाव पूर आलेला मानील. जगात एकट्या मला माहीत होतं. आणि मला ते त्या कार्डावर हवं होतं, हे कबूल करतो. आईच्या नावाखाली, छापील अक्षरात, आमच्या दोघांचं मिळून काहीतरी.

“थांब,” मी म्हणालो. “ते माझं आहे.”

आणि वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. न वाढवता. ताईचा कानांवर विश्वास बसेना, कारण थाप मारताना करतो तसं मी मध्ये कुठे थांबून तिच्याकडे बघितलं नाही.

तिनं स्वतःची बोटं उलटसुलट करून बघितली. मग म्हणाली, “म्हणजे चौदा वर्षं मी कुसळं टोचून घेतली ती याच्या थापेपायी.”

“झोप तर लागायची ना लोकांना?”

“तू बोलू नकोस.”

भाचीनं पेन खाली ठेवलं होतं. “मामा, मग बाकीच्या चारांचं काय? वैताग तर उशीतही निघाला.”

“ती उशी मी कधी शिवली नाही. त्या चारांत माझं अंग दुखलंय. मी स्वतःहून असलं काम शोधून काढीन का?”

“नाही काढणार,” ताई म्हणाली. माझ्या बाजूनं तिनं दिलेली ही बहुधा पहिलीच साक्ष.

भाची कार्डाकडे बघत राहिली. “तू बोलला नसतास तर हे कुणालाही कळलं नसतं.”

“तपासणीवाल्यांना एखादवेळेस कळलं असतं. चाळीस वर्षं लोकांनी घेतलेल्या चार औषधांना या एका उशीपायी कचऱ्यात जायचा धोका कशाला? तू दुसरं कार्ड घे. आणि त्यावर चारच लिही.”

तिनं नवं कार्ड घेतलं. चार उपाय पुन्हा उतरवले आणि वर आईचं पूर्ण नाव घातलं, जे मी कितीतरी वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मग वही माझ्यापुढं सरकवली आणि लाल पेन दिलं. वही सोबत जाणार, तेव्हा जे बनवलेलं ते लिहिणाऱ्यानं स्वतः खोडून खाली सही करायची, असा त्यांचा नियम.

मी खोडायला बसलो. टोपीचे केस खोडले, पोपट खोडला, घड्याळ खोडलं, पोटातली कळ खोडली. चांगल्या जाड रेघा मारल्या. शेवटी तेविसाव्या ओळीवर पेन ठेवलं.

“नीट मार,” ताई म्हणाली. “वाचता यायला नको.”

मी मारली. अगदी बारीक, एकच. ताईनं वही डोळ्यांजवळ नेली, बघितली, आणि मिटून मुलीच्या हातात दिली.